अनंता मास्तरांची हलती देवी

अनंता मास्तरांबरोबर शाळेतून घरी निघालं की दहा मिनिटांच्या वाटेला तास लागायचा. कोंबडी पाणी पिताना दिसली की मास्तर थांबलेच. "बाई, बघा. चोच खाली, चोच वर, मग गिळती, मग डोळा मिटती. चार चित्रांत काम होतंय." कोंबडीचं आटोपलं की पुढं एखादा यात्रेकरू ओलं धोतर झटकत उभा असायचा. त्याला मास्तर बिनदिक्कत सांगायचे, "पावणं, तेवढं परत झटका." आणि पाहुणा निमूटपणे परत झटकायचा, कारण तुळजापुरात नव्यानं आलेल्या माणसाला वाटायचं, इथली अशीच काही रीत असंल. मी सुरुवातीला लाजून दहा पावलं पुढं जाऊन थांबायची. पुढं पुढं मीही बघायला लागले.

मी परांड्याची. निजामाचं राज्य जाऊन थोडीच वर्षं झाली होती. शाळेवरची उर्दू पाटी उतरून मराठी पाटी लागली होती, आणि मुलींच्या वर्गाला बाई पाहिजे म्हणून मला तुळजापूरला नेमलं होतं. अनंता मास्तर ड्रॉइंगला होते. उंच, काटकुळे, डाव्या हाताची बाही कायम शाईनं काळी. घराणं पुजाऱ्याचं. थोरले भाऊ, म्हणजे अण्णा, देवळात पूजेला, आणि हे धाकटे शाळेत. मास्तर विचार करायला लागले की श्वास रोखून धरायचे, आणि समोरची साठ पोरंही श्वास रोखून बसायची. त्यामुळं ड्रॉइंगच्या तासाइतकी शांतता आमच्या शाळेत दुसऱ्या कुठल्या तासाला नसायची.

हे हलण्याचं वेड कुठून लागलं, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "मी सहा वर्षांचा आसंन. देवळात आरतीच्या उजेडात मला देवीआई हसल्यासारखी दिसली. मी अण्णाला म्हणलं, आई हलली. अण्णानं एक थोबाडीत ठेवून दिली, म्हणला, लबाड बोलू नको. तवापासनं ठरवलंय, एकदा सगळ्यांना दाखवायचं." हे सांगताना मास्तर गालावरून हात फिरवत होते, आणि खूश होते.

कागद हातात आला की त्याच्या कोपऱ्यावर त्यांचं काहीतरी सुरू व्हायचं. एका वर्षी त्यांनी शाळेच्या हजेरीपटालाच हात घातला. रोजच्या पानाच्या कोपऱ्यात एक उंदीर काढायचा, दुसऱ्या पानावर तो कणभर पुढं. पानं अंगठ्यानं भराभरा सोडली की उंदीर पळायचा, गणपतीच्या मोदकाकडं. नेमके दिपोटी तपासणीला आले. दिपोटी म्हणजे शाळा तपासणारे साहेब. ते येणार म्हटलं की आमचे हेडमास्तर आदल्या दिवशीच शाळा दोनदा झाडून घ्यायचे. साहेबांनी पट उघडला, अंगठा घसरला, उंदीर पळाला. साहेबांनी चष्मा पुसला आणि परत पानं सोडली. मग तिसऱ्यांदा. साहेब एवढंच म्हणाले, "हा मोदकापर्यंत पोहोचत का नाही?" अनंता मास्तर हात जोडून म्हणाले, "मार्चअखेर पोचंल साहेब. अजून हजेरी चालू हाय." त्या वर्षी शाळेला शेरा चांगला मिळाला. साहेब मार्चनंतर वाट वाकडी करून परत आले होते, ते उंदरासाठीच, असं मी आजही शपथेवर सांगेन.

मग नवरात्राला दीडेक महिना असताना गावाबाहेरच्या माळावर तंबूची टॉकीज आली, आणि मास्तर पुरते कामातून गेले. तिथं मोठ्या पिक्चरच्या आधी पाच मिनिटांचं एक चितारलेलं पिक्चर दाखवायचे. त्यात एक बाळदेव लोणी चोरायला चढायचा, घसरायचा आणि धपकन पडायचा. सगळा तंबू खदाखदा हसायचा. मास्तर तेवढंच बघायचे आणि मोठं पिक्चर सुरू झालं की उठून मागं मशीनपाशी जाऊन उभे राहायचे. गावात मात्र दुसऱ्या दिवशी पारावर वाद. देव पडला तर हसावं का? एकजण म्हणाला, खरा देव असता तर पडला नसता, म्हणून हसलं तरी चालतंय. दुसरा म्हणाला, मग आपण पैले हात का जोडले? कारण तो पडद्यावर आल्या आल्या निम्म्या तंबूनं हात जोडले होते, आणि तेच हात पुढं टाळ्या पिटायला लागले होते. अण्णा पुजाऱ्यांच्या कानावर हे गेलं तेव्हा ते म्हणाले, "हात जोडणारं बी खरं आन हसणारं बी खरं. चूक चित्र काढणाराची हाय." अण्णा कधी आवाज चढवून बोलायचे नाहीत. त्यांचा आवाज जितका हळू, तितकं ऐकणाऱ्याचं काही खरं नसायचं.

टॉकीजचं मशीन चालवायला खाजाभाई होते. गोल चेहरा, डोळ्यांत सुरमा. मास्तरांनी त्यांच्याशी अशी गट्टी जमवली, की खाजाभाईंनी त्यांना जुनी झिजलेली फिल्लम दिली. ती सोड्याच्या पाण्यात घालून धुतली की वरची चित्रं जायची आणि कोरी पट्टी राहायची. त्या पट्टीवर पोस्टाच्या तिकिटाएवढ्या चौकोनात टाकानं चित्र काढायचं. असे चोवीस चौकोन झाले की पडद्यावर एक सेकंद. मास्तरांना कुणीतरी राज्य दिलं असतं तरी इतके खुलले नसते. "बाई," मला म्हणाले, "आपली आई आन महिषासुर. दोन मिन्टं. दसऱ्याला." मी मनात हिशेब करून पाहिला आणि म्हणलं, मास्तर, ह्या तीन हजार देव्या झाल्या. म्हणाले, "होऊ द्या की. आईला काय कमी हाय?"

घरात खिडकीच्या काचेवर पट्टी लावून मास्तर बसायचे. मी सुट्टीच्या दिवशी इंदूवैनींकडं, म्हणजे त्यांच्या बायकोकडं जायची, तेव्हाची गोष्ट. चित्र चुकलं की मास्तर अंगठा जिभेला लावायचे आणि चौकोन पुसायचे. वैनींनी हे एकदा पाहिलं, आणि हातातलं पीठ तसंच ठेवून त्या उभ्या राहिल्या. "आवो, देवीच्या तोंडाला थुंकीचं बोट?" मास्तर अंगठ्याकडं बघतच राहिले. त्यांच्या डोक्यात ती चुकलेली रेघ होती. वैनींच्या डोळ्यापुढं आई होती. त्या दिवसापासून वाटीत पाणी आलं, पुसायला धुतलेलं फडकं आलं. पण प्रश्न तिथं थांबतात होय? चुकलेल्या पट्टीचे तुकडे टाकायचे कुठं? त्यात देवी आहे, चुलीत घालता येत नाही, उकिरड्यावर टाकता येत नाही. वैनींनी ते देव्हाऱ्यात ठेवायला सुरुवात केली. पंधरा दिवसांत देव्हाऱ्यात देवाला जागा उरली नाही. आणि ज्या तुकड्यात नुसता महिषासुर होता त्याला हळदीकुंकू लावायचं का नाही, यावर नवराबायकोचं दोन दिवस बोलणं बंद होतं.

महिषासुराची तर वेगळीच तऱ्हा झाली. रेडा कसा चालतो हे बघायला मास्तर एस.टी.नं तामलवाडीला गेले. माझ्या वर्गातली, मामाकडं राहून शिकणारी सखू तिथली. तिच्या घरी राजा नावाचा रेडा होता. मास्तर दोन दिवस राजासमोर बसले. परत आले ते रेड्याच्या प्रेमात पडूनच. "मी वाईट रेडा बघायला गेल्तो बाई. पण वाईट रेडा बघायलाच मिळंना." पट्टीवर उतरला तो कान हलवणारा, माशी बसली की पाठ थरथरवणारा, जरा मान वाकडी करून बघणारा राजाच.

दसरा झाला, आणि एकादशीला दिवेलागणीनंतरच्या पहिल्या खेळाला पिक्चर लागलं. गाव लोटलं होतं. पडदा उजळला. रेघा जराशा थरथरत होत्या, पण आई चालत आली, आणि साऱ्या तंबूतून एकच आवाज निघाला. मास्तर खांबाला धरून उभे होते, त्यांना काही ऐकू येत होतं असं वाटत नाही. मग रेडा आला. माशी उडवली, मान वाकडी केली. पोरं खिदळली. आईनं त्रिशूळ उचलला, रेडा पळाला, घसरला, उठला, परत पळाला, पोरं पोट धरून हसत होती. आणि मग त्रिशूळ लागला. रेडा आडवा झाला, चारी पाय वर. सखू जाग्यावर उभी राहिली आणि रडत ओरडली, "आईसायेब, नगा मारू, आमचा राजा हाय त्यो." तिच्यामागून दुसरं पोरगं रडलं, मग तिसरं. बघता बघता तंबूभर पोरांचा हंबरडा. मोठी माणसं समजूत घालायला लागली, "अगं, राकीस हाय त्यो." पोरं विचारायला लागली, राकीस हाय तर त्यानं केलं काय? आणि खरंच की, मास्तरांनी त्याच्याकडून एकही वाईट गोष्ट करून घेतली नव्हती. पुढच्या पिक्चरला कुणाचं लक्ष लागलं नाही. लोक आपसात भांडत घरी गेले. आई चुकंल कशी, असं म्हणणारे एकीकडं, आणि मास्तरचं चुकलं, असं म्हणणारे दुसरीकडं. दोन्ही बाजूंना पोरं रडतच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वैनींकडं गेले, तर ओसरीवर अण्णा. मास्तर समोर उभे. मी दारातच थांबले.

"अनंता, आज तिथी कोणती?" अण्णा अगदी हळू म्हणाले.

"द्वादशी."

"आई कुठं हाय?"

"पलंगावर."

"काय करती?"

मास्तरांचा चेहरा उतरला. त्यांनी कपाळावर हात मारला. आमच्याकडं नऊ दिवस लढून आई दमते, म्हणून दसऱ्यानंतर पौर्णिमेपर्यंत तिला पलंगावर निजवतात. गावातलं शेंबडं पोरसुद्धा हे जाणतं. आणि पुजाऱ्याच्या पोटी जन्मलेला माणूस चित्रं काढण्याच्या नादात तेच विसरला होता.

"निजलीय," अण्णाच म्हणाले. "आमी तिथं पावलं वाजू देत न्हाय. आन तू काल तिला दोन खेळांत दोनदा उठवलंस, लढायला लावलंस, पोरांकडनं बोल ऐकवलेस. पोर्णिमा झाली की आपली पाळी हाय. औंदा मी एकटा उभा ऱ्हाईन. दिवा धरायला चुलत्याच्या पोराला सांगतो." एवढं बोलून ते उठून गेले.

पाळी म्हणजे पूजेचा मान; तो घराण्यांत फिरत असतो. वडील गेल्यापासून हे दोघे भाऊ पाळीला मिळून उभे राहायचे. अण्णा पूजा करायचे, अनंता मास्तर दिवा धरायचे. वर्षातून तेवढ्याच दिवसांत मास्तर ना कोंबडीकडं बघायचे ना धोतराकडं. मला म्हणाले, "बाई, माझी नोकरी गेली असती तर मी हसलो असतो. पण दिवा दुसऱ्याच्या हातात द्यायचा म्हणत्यात." आणि एवढा मोठा माणूस ओसरीच्या कडेला बसून रडला. मला फार वाईट वाटलं. मी उगीच अंगण झाडायला घेतलं.

खाजाभाई धावत आले. त्यांना सगळं कळलं होतं. "मास्तर, मैं पट्टी काढ के देतूं. तुमारे घर में झगडा नको. पडदा फाट्या तो मैं सी लेतूं, भाई-भाई में फाट्या तो कौन सीना?" मास्तरांनी डोळे पुसले. "काढू नका खाजाभाई. काढली तर आई उठलेलीच ऱ्हाती. उठवलंय मी, तर निजवायला बी मीच पायजे."

आणि मग जी धांदल उडाली. मास्तरांनी त्रिशूळ लागायच्या आधीच पट्टी कापली आणि पुढं आईला निजवायला घेतलं. अर्ध्या मिनिटाची निद्रा म्हणजे सातशेवीस चित्रं, आणि हातात तीन दिवस. वैनी पांघरुणाची नक्षी भरायच्या. पलंगाचे खूर माझे. सातशेवीस पलंगांचे चार-चार खूर मी काढलेत, माझ्या उभ्या जन्मात एवढं सरळ काम मी दुसरं केलं नाही. मधेच वैनींनी विचारलं, "आन रेड्याचं काय करायचं?" मास्तर म्हणाले, "बसंल की पायाशी."

"राक्षस? आईच्या पायाशी?"

"लढून त्यो बी दमलाच आसंल की." वैनींनी पदर तोंडाला लावला आणि पांघरुणावरचं फूल चुकवलं. पट्टी पुरी झाल्यावर तंबूकडं जाताना त्या अण्णांच्या दारात गेल्या आणि आडून म्हणाल्या, "अण्णा, जे काय बोलायचं ते बघून बोला."

चतुर्दशीचा पहिला खेळ. तंबू गच्च. आणि आरती आटोपून, आयुष्यात पहिल्यांदा, अण्णा तंबूच्या दारात येऊन उभे राहिले. हात पाठीमागं. मास्तरांनी त्यांना पाहिलं आणि ते खांब सोडून खालीच बसले. पिक्चर सुरू झालं. आई आली, रेडा आला, पळापळ झाली, पण या खेपेला पोरं हसेनात, त्यांना पुढचं माहीत होतं. आईनं त्रिशूळ उचलला. सखूनं डोळे झाकले. आणि पडद्यावर पलंग. आई पलंगावर आडवी, अंगावर वैनींचं पांघरूण. हातानं काढलेल्या रेघा त्या, एकसारख्या थोड्याच येतात. त्या कणभर हलायच्या, आणि त्यामुळं आई श्वास घेत होती. खरंच सांगते, श्वास घेत होती. पायाशी राजा बसलेला, शेपटीनं डास वारत.

खाजाभाईंनी न सांगता पट्टीबरोबर लावलेला तबकडीचा बाजा बंद केला. तंबूत कुणी खोकलं नाही. पट्टी संपली, पडदा पांढरा झाला, तरी कुणी हलेना. मग एक आजीबाई चपला हातात घेऊन चवड्यावर बाहेर गेल्या, त्यांच्यामागून आणखी दोघी. खाजाभाईंनी मोठं पिक्चर लावलं, ते तलवारबाजीचं. पहिली तलवार खणखणली आणि सगळा तंबू त्यांच्यावर उलटला. "ओ, हळू, आई निजलीय." खाजाभाईंनी आवाज कमी केला. "अजून हळू." शेवटी त्यांनी आवाज बंदच केला, आणि सगळी मारामारी गावानं गपचिप, तोंडावर हात ठेवून बघितली. हिरो दणादण ठोसे मारतोय आणि तंबूत टाचणी पडली तरी ऐकू येईल. मला हसू आवरेना; मी ओढणीएवढा पदर तोंडात कोंबून बसले होते.

पण माझी नजर अण्णांवर होती. ते गर्दीतून वाट काढत मास्तरांजवळ आले. मास्तर उठले. मला वाटलं, आता रेड्यावरून होणार. अण्णा अगदी हळू म्हणाले, "उशी कुठाय?"

"आं?"

"आईला बिनउशीचं निजवलंस? अरे, पिढ्यान्‌ पिढ्या आपल्या घरानं आईची गादी झाडली, आन तू उशी इसरलास? मान आवघडंल तिची."

मी खूर काढले, वैनींनी फुलं काढली, आणि उशी खरंच कुणालाच आठवली नव्हती. "अण्णा, आन रेडा?" मास्तरांनी कसंबसं विचारलं.

"रेड्याचं तू आन आई बघून घ्या. त्यातलं मला कळत न्हाय. उशीचं कळतंय."

दुसऱ्या दिवशी पौर्णिमा. मला सुट्टीसाठी परांड्याला जायचं होतं, सकाळची एस.टी. होती. वाटेत निरोप घ्यावा म्हणून मास्तरांच्या घरावरून गेले. त्याच सुट्टीत माझी बदली धाराशिवला झाली, आणि मास्तरांना मी पुन्हा भेटले नाही, म्हणून तेवढंच ते डोळ्यांत राहिलं आहे. खिडकीच्या काचेला पट्टी लावलेली. एका बाजूला अनंता मास्तर पट्टी सरकवत होते. दुसऱ्या बाजूला पन्नाशीचे अण्णा, पूजेचं पीतांबर गुडघ्यावर खोचलेलं, हातात टाक, जिभेचं टोक दातांत धरून एकेका चौकोनात उशी काढत होते. चौकोनी नाही, मधे जरा दबलेली. शेजारी पाळीसाठी घासूनपुसून लख्ख केलेला दिवा ठेवलेला होता, आणि त्यावर मास्तरांचा पाळीला नेसायचा पंचा.

मी दारातून म्हणलं, "मास्तर, येते मी, गाडीची वेळ झाली."

मास्तरांनी मान वर केली नाही. अण्णांनी मात्र टाक उचलला, माझ्याकडं वळून बघितलं, आणि ओठांवर बोट ठेवलं.